हात लावाल तर बाद

आमच्या शर्यतीत जो सगळ्यांत आधी पोचे त्याचे गुण कापले जात. हे वाक्य मी चारचौघांत टाकलं की लोक आधी हसतात, मग म्हातारा बरळतोय अशा नजरेनं एकमेकांकडे पाहतात. पण गोष्ट खरी आहे. त्या शर्यती मी स्वतः भरवल्या आहेत, त्यांचे नियम माझ्या हातचे आहेत, आणि त्यातल्या एका नियमाचा हिशोब अजून माझ्या मनात चुकता झालेला नाही.

मी नागपूरच्या एका स्कूटर विकणाऱ्या सेठजींचा चांद्यातला माणूस. ‘माणूस’ हाच माझा हुद्दा. विकणं, दाखवणं, बिघडली तर शिव्या खाणं, सगळं त्यात आलं. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. गडचिरोली तेव्हा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातच होती, आणि या सबंध जिल्ह्यात स्कूटर म्हणजे शहरी लोकांचं खेळणं समजलं जाई. गिऱ्हाईक स्कूटरभोवती एक फेरी मारी, वाकून चाक बघे आणि म्हणे, “भाऊ, एवढुश्या चाकावर जंगलात जाऊन राह्यले तुमी? बैलगाडीच्या चाकोरीत बुडून जाईन नं हे.” मूलच्या एका गिरणीवाल्यानं तर स्कूटरवर बसून पाहिलं आणि सांगितलं, “खुर्ची चांगली हाय. पण खुर्चीवर बसून कोनी गावाले जाते का?”

त्याच्यावर सेठजींनी काढलेला तोडगा म्हणजे ही शर्यत. चांदा ते सिरोंचा. मूल, सावली, मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि पुढं जंगलातून थेट गोदावरीच्या काठापर्यंत. दीडशे मैलांच्या वर रस्ता, त्यातला निम्मा नावापुरता. दोन दिवसांची मुदत. नद्यांना पूल नाहीत. माघ-फाल्गुनात पाणी उतरलेलं असे म्हणून शर्यत तेव्हा. वैनगंगेवर दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर स्कूटरी उभ्या करून पलीकडे न्यायच्या. पहिल्या वर्षी डोंगेवाल्यांनी स्कूटरला बसायला सांगितलं होतं. उभी राहिली तर डोंगा कलंडतो, हा त्यांचा माणसांवरून घेतलेला अनुभव.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. ही वेगाची शर्यत नव्हती. वेगानं कोण जातो हे बघायला आम्हाला आलापल्लीचं जंगल कशाला लागलं असतं? गाडी सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या ठिकाणी, न मोडता पोचते की नाही हे दाखवायचं होतं. वाटेत नाके ठेवलेले. प्रत्येक स्पर्धकाच्या गळ्यात एक कार्ड. नाक्यावरचा पंच त्यावर वेळ टाकून सही करी. एक मिनिट उशीर झाला तर एक गुण वजा, एक मिनिट लवकर पोचलात तर दोन गुण वजा. कारण लवकर पोचणारा गाडीची हाडं मोडून आलेला असतो. निघण्याआधी इंजिनाच्या झाकणाला आणि चाकांना लाखेचं सील ठोकायचं, म्हणजे वाटेत कुणी सुटे भाग बदलले तर कळे. केबल आणि प्लग तेवढे बदलायची मुभा. या स्कूटरींच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. जास्त पडलं तर प्लग काजळतो, कमी पडलं तर इंजिन जाम होतं. त्यामुळं चांगला स्पर्धक ओळखायचा तो त्याच्या मिशांवरून नव्हे, तो डब्यातून तेल कसं ओततो त्यावरून.

पण खरी कसरत असे ती पंचांची. पंच म्हणजे गावचे मास्तर, पोस्टमास्तर, जंगल खात्याचे कारकून, गिरणीचे दिवाणजी. त्यांना घड्याळं द्यायची, ती आदल्या दिवशी चांद्याच्या स्टेशनवरच्या घड्याळाला लावून. एवढी घड्याळं आणायची कुठून? मी लग्नात मिळालेली घड्याळं लोकांकडून उसनी मागून आणत असे. एका वर्षी चामोर्शीच्या पंचानं उसनं घड्याळ खराब होऊ नये म्हणून पेटीत घालून कुलूप लावलं आणि कार्डावर वेळ लिहिली, ‘सूर्य ताडाच्या दोन हात वर’. मी रागावलो तर तो म्हणाला, “भाऊ, दुसऱ्याच्या लग्नाचं घड्याळ. फुटलं असतं तं कोणाले तोंड दाखवलं असतं?”

मूलच्या नाक्यावरचे दिवाणजी दुसऱ्या तऱ्हेचे. स्पर्धक आला की त्याला आधी पाटावर बसवत. भात, वरण, वांग्याची भाजी. तो बिचारा कार्ड पुढं करी, तर दिवाणजी म्हणत, “जेवल्याबिगर कसा जाशीन? वेळ काय पळून चालली?” वेळच पळत असे, पण हे त्यांना कोण सांगणार. शेवटी मी मूलच्या मुक्कामाला अर्ध्या तासाची जेवणाची सूट नियमातच घालून टाकली. एक स्पर्धक तासभर उशिरा आला आणि सांगू लागला की रस्त्यात रानगवा उभा होता, तो तास माझ्या खात्यातून वगळा. अडथळ्याला साक्षीदाराची सही लागते, असा नियम होता. मी म्हटलं, “गव्याची सही आणली का?” तेव्हा सगळे हसले, तोही हसला. तासाचे गुण मात्र मी कापले. मी नियमाला पक्का होतो आणि त्याचा मला अभिमान होता. आता लिहिताना तो शब्द जरा टोचतो.

तर ज्या शर्यतीबद्दल मला सांगायचं आहे ती तिसरी. त्या वर्षी सेठजींनी जाहीर केलं की चांद्यात स्कूटर दुरुस्तीचं वर्कशॉप उघडायचं आहे, आणि जो पहिला येईल त्याला ते चालवायला मिळेल. पक्की जागा, वर छप्पर, हत्यारं, सुटे भाग, सगळं सेठजींचं.

ही बातमी ऐकून सगळ्यांत आधी माझ्याकडे आला तो हबीब मिस्त्री. चांद्याच्या जटपुरा गेटाजवळ त्याचं सायकलीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पोतं अंथरलेलं, वर ताडपत्री, बाजूला पंप आणि पाण्याची घमेली. वय असेल तिशीच्या आत-बाहेर. हा माणूस इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचा. एका डॉक्टरांची स्कूटर झाडावर आदळून भंगार झाली होती, ती त्यानं चार महिने खपून उभी केली. डॉक्टरांनी खूश होऊन तीच शर्यतीपुरती त्याला दिली. पण उघड्यावर इंजिन खोलता येत नाही. धूळ जाते, पाऊस जातो. हबीब म्हणाला, “भाऊ, हात हाय माह्याजवळ. डोक्यावर छप्पर नाई. हे छप्पर भेटलं तं बाकी सारं मी पायतो.” त्या माणसाला दुसरं काही नको होतं. मला मनातून वाटत होतं की त्यालाच मिळावं. हे मी आज कबूल करतो, तेव्हा कुणाला कळू दिलं नाही.

दुसरा होता मधुकर. जंगलातले बांबू आणि लाकूड तोडायचे ठेके घेणाऱ्या एका बड्या ठेकेदाराचा मुलगा. वय बावीस-तेवीस. आदल्या वर्षी तो शर्यतीत उतरला तेव्हा त्याच्या मागून बापाची जीप, जीपमध्ये दोन मेकॅनिक, एक स्वयंपाकी आणि पाण्याचा माठ. कुठं प्लग काजळला की मेकॅनिक उतरून बदलत, हा झाडाखाली उभा. तेव्हा हबीब मला म्हणाला होता, “भाऊ, शर्यत स्कूटरची हाय का जीपची?” मला ते लागलं. म्हणून तिसऱ्या वर्षी मी सातवा नियम घातला: स्पर्धकाखेरीज दुसऱ्या कोणीही गाडीला हात लावल्यास स्पर्धक बाद. जाड अक्षरात छापून घेतला. खाली रेघ ओढायलाही सांगितली.

मधुकर त्या वर्षी एकटाच आला. जीप नाही, माठ नाही. मला वाटलं, यात काहीतरी डाव असणार. मी त्याच्या स्कूटरचं सील दोनदा तपासलं.

आलापल्लीच्या पुढं, सिरोंचाच्या अलीकडं एक रुंद नाला लागतो. पाणी पायाच्या घोट्याएवढं, पण वाळू या काठापासून त्या काठापर्यंत, अर्धा मैल तरी. सरकारी माणसं वाळूवर बांबूचे तट्टे अंथरतात, पण त्या वर्षी ते फाटून गेले होते. पलीकडच्या काठावर एक गाव आहे, त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. शर्यतीची खरी परीक्षा इथंच, म्हणून मी तिथं लांजेवार गुरुजींना पंच म्हणून बसवलं. निवृत्त मास्तर. शाळेत असताना स्वतःच्या मुलाला नापास केलेला माणूस. यांच्याहून खरा पंच मला मिळणार नव्हता.

शर्यत सुटली त्याच दिवशी स्पर्धकांच्या पुढं जाऊन गुरुजींना तिथं सोडलं आणि मी सिरोंचाला निघालो. जाताना त्या गावच्या पोचम पाटलांच्या घरी थांबलो. म्हातारा, उंच, काठीसारखा सरळ. तेलुगू त्याची घरची, मराठी कामापुरती. त्यांच्याकडं मी पाणी प्यालो, गूळ खाल्ला, आणि म्हटलं, “पाटील, उद्या माझी नऊ माणसं इथून जातील.” बस, एवढंच. गुरं-पोरं रस्त्यात येऊ नयेत, हा माझा हेतू. पण ज्याच्या घरचं पाणी प्यालात त्याला ‘माझी माणसं येतील’ म्हणून सांगणं म्हणजे ती माणसं त्या गावचे पाहुणे झाली, हे मला कळायला हवं होतं. या मुलखात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते गुरुजींनी नंतर सांगितलं. पहिली स्कूटर वाळूत उतरली आणि शंभर पावलांवर रुतली. तोच काठावरून “पट्टु, पट्टु!” म्हणजे धरा, धरा, असा गलका करत माणसं धावली. त्या नाल्याची रीतच तशी होती. चाक फसलेलं दिसलं की काठावर असेल त्यानं उतरून खांदा द्यायचा. विचारायचं नाही, बोलावणं यायची वाट बघायची नाही. पार पोचल्यावर गाडीवानानं तंबाखू नाहीतर बिडी पुढं करायची आणि ती घ्यायची, की झालं. गुरुजी ओरडत होते, “हात लावू नका! बाद होईन तो!” लोक हसत होते. मास्तरला गाडीतलं काय समजतं?

हबीब दुसरा आला. मूलपर्यंत, गडचिरोलीपर्यंत, आलापल्लीपर्यंत त्याचे सगळे मिळून चार गुण गेले होते. त्यानं हात जोडले. “नको दादा, मी करतो, हात नका लावू.” पण तिकडं जेवायला बसा म्हटलं की दोनदा नको म्हणणं हा शिष्टाचार. तसं न म्हणणारा उद्धट. हबीब जितका नको म्हणाला तितका तो त्यांना भला माणूस वाटला. सहा जणांनी स्कूटर त्याच्यासकट उचलली आणि नवरदेवासारखी पलीकडं नेऊन ठेवली. एकामागून एक आठ गाड्या अशाच पार झाल्या.

नववा मधुकर. त्याची गाडी वाळूत रुतली. गाव काठावर उभं होतं. कुणी हललं नाही.

भर उन्हात दोन तास तो पोरगा एकटा ती गाडी ढकलत होता. चार पावलं पुढं, दोन मागं. तट्ट्याचे तुकडे काढून चाकाखाली घालायचा, पुन्हा तेच उचलून पुढं आणायचा. एकदा गाडी अंगावर पडली तेव्हा गुरुजींना राहवलं नाही, ते उठले, पण पंचच हात लावणार कसा? पुन्हा खाली बसले. मधुकरनं एकदाही काठाकडं बघून हाक मारली नाही, असं गुरुजी म्हणाले.

सिरोंचाच्या डाकबंगल्यात मी वाट बघत होतो. हबीब ठरल्या मिनिटाला आला. गाडी लावली, कार्ड दिलं आणि पायरीवर बसला. चेहरा मात्र उतरलेला. मला वाटलं थकला असेल. मधुकर मुदत संपायला थोडा वेळ असताना सगळ्यांत शेवटी आला. हाताची कातडी निघालेली. मागोमाग गुरुजी बैलगाडीनं आले आणि त्यांनी वही माझ्या हातात दिली. आठ नावांपुढं एकच मजकूर, सुवाच्य अक्षरात: ‘ग्रामस्थांनी गाडीस हात लावला.’ नवव्यापुढं: ‘कोणीही हात लावला नाही.’

ज्याच्यासाठी मी सातवा नियम केला होता तोच एकटा त्यातून पार झाला होता.

मी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं आणि वही वाचून दाखवली. मग हबीबच म्हणाला, “नियम तं मीच मांगला होता भाऊ. आता तोंड कसं फिरवू?”

मधुकर म्हणाला, “भाऊ, हा नियम या खेपेला सोडा. त्यायनं कोनाची मदत मांगितली नव्हती.”

“तुला कुणी हात का लावला नाही?” मी विचारलं.

त्यानं सोललेले हात पाठीमागं घेतले. मग म्हणाला, “तीन सालाआधी पावसाच्या तोंडावर पोचम पाटलाची गाडी याच नाल्यात फसली होती. वरतून पाणी येऊन राह्यलं होतं. आमची लॉरी आली. बाबानं थांबवली नाई, बाजूनं काढली. त्याचा एक बैल वाहून गेला. मी लॉरीत होतो भाऊ. डायवरच्या बाजूले बसलो होतो. मी बी काही बोललो नाई.”

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? आज मला ते लख्ख दिसतं. नियम फाडून टाकायला हवा होता. पण त्या वेळी मी विचार केला की एकदा नियम सोडला तर गव्याचा तास कापलेला माणूस उद्या माझ्या दारात उभा राहील. आणि खरं सांगायचं तर सेठजींना असं कळवायची मला लाज वाटत होती, की तुमच्या माणसानं केलेल्या नियमानं नऊपैकी आठ बाद झाले आणि मग तो त्यानं स्वतःच मोडला. मी तसाच उठलो आणि तारघर बंद व्हायच्या आत नागपूरला तार करून आलो. पहिला मधुकर. वर्कशॉप त्याचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. आता शर्यत नव्हती, कार्ड नव्हतं. नाल्यावर पुन्हा तेच. गाव उतरलं, आठ गाड्या उचलून पार झाल्या, मी आणि गुरुजीही पलीकडं पोचलो. मधुकर मागं वाळूत उभा. शर्यतीत मिळालेला बक्षिसाचा कप मागच्या सीटला दोरीनं बांधलेला.

हबीबनं आपली गाडी उभी केली आणि परत वाळूत उतरला. चालत मधुकरजवळ गेला. “हँडल सरळ धर,” म्हणाला आणि मागून खांदा लावला. दोघांनी गाडी थोडी हलवली, पुन्हा रुतली. गाव पाहत होतं. पोचम पाटील आपल्या लोकांमधून पुढं आला, वाळूत उतरला आणि हबीबच्या मागं जाऊन उभा राहिला. मग दोन्ही हात हबीबच्या पाठीवर ठेवून रेटू लागला. आणखी दोघं आले. एकानं पाटलाच्या पाठीवर हात ठेवला, दुसऱ्यानं हबीबच्या कमरेला. गाडीला कुणी शिवलं नाही. अशी ती वरात काठाला लागली.

मधुकरनं खिशातून बिड्यांचा कट्टा काढून पाटलापुढं धरला. पाटील म्हणाला, “तुज्या गाडीले आमी हात नाई लावला. बिडी कायची?” आणि तो वळला. मधुकरचा हात तसाच पुढं. हबीब बिडीला कधी शिवत नसे. त्यानं कट्ट्यातून एक बिडी काढली, पेटवली आणि खोकत खोकत ओढू लागला. पाटील थांबून ते बघत होता. हबीबची बिडी संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मग मधुकर माझ्याकडं आला. डोळे भरले होते, ते त्यानं लपवले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाला, “भाऊ, आलापल्लीत गेल्यावर दुसरी तार करा. वर्कशॉप मिस्त्रीले द्याले लावा. मले ते चालवता बी येत नाई.”

गुरुजी माझ्याकडं बघत होते. हबीब माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मी कधी न पाहिलेली आशा होती. मी म्हणालो, “तसं होत नाही. तार एकदा गेली की गेली. त्याच्यावर दुसरी करता येत नाही.”

हे साफ खोटं होतं. पैसे भरले की तारेवर तार हवी तितक्या वेळा करता येते. पण सेठजींना दुसऱ्यांदा तोंड दाखवायची माझी छाती नव्हती. मधुकरला तारेतलं काही ठाऊक नव्हतं, त्याचा विश्वास बसला. गुरुजींनी मान खाली घातली. हबीब म्हणाला, “चला भाऊ, ऊन होऊन राह्यलं,” आणि त्यानं किक मारली.

वर्कशॉप उघडलं. मधुकरनं मन लावून चालवलं, पण हात त्याचा नव्हता. अवघड काम आलं की तो स्वतः स्कूटर ढकलत जटपुरा गेटाला घेऊन जाई आणि हबीबच्या शेजारी पोत्यावर बसून शिके. तीन वर्षांनी सेठजींनी नुकसान होतंय म्हणून ते बंद केलं. शर्यती त्याआधीच बंद पडल्या होत्या. सातवा नियम पुढच्या वर्षी मी काढून टाकला होता. त्यानं कुणाचं काय भलं झालं?

हबीब ताडपत्रीखालीच राहिला. फक्त ताडपत्री बदलत गेली. मी रोज त्या रस्त्यानं जायचो, तो रोज हात वर करायचा. निवृत्त झालो त्या आठवड्यात एका सकाळी धीर करून त्याच्यापाशी जाऊन बसलो. तो पंक्चर काढत होता. केस पिकलेले, डोळ्यांवर चष्मा.

मी म्हटलं, “हबीब, त्या दिवशी नाल्यावर मी खोटं बोललो होतो. दुसरी तार करता आली असती.”

“मालूम हाय नं भाऊ,” तो म्हणाला. हातातलं काम थांबलं नाही. “त्याच्या आदल्या साली माह्या बहिणीची शादी झाली नं. तारीख बदलत गेली, तवा मीच तीन तारा केल्या होत्या. एक दुसरीले काटे.”

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस? तुझं छप्पर गेलं रे!”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं पाहिलं. “मधुकर उभा होता, गुरुजी उभे होते, सारं गाव उभं होतं. त्यायच्या समोर तुमाले खोटं पाडून मले वर्कशॉप कायले पायजे होतं?”

आणि त्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायला सुरुवात केली. मी पोत्यावर बसून राहिलो. पंक्चर चिकटवून झाल्यावर त्यानं विचारलं, “चाय सांगू का भाऊ?” मला हो म्हणवेना, आणि उठवेनाही.